सुईची आंघोळ

माझी आत्या सुईला आंघोळ घालायची. म्हणजे ती स्वतः तसंच म्हणायची. सकाळी चुलीवर पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायचं, त्यात काचेची सिरिंज आणि जाड सुई सोडायची आणि मला हाक मारायची, “बघ गं, झाली का सुईची आंघोळ?” एकदा उकळली की सुई दिवस मावळेपर्यंत शुद्ध, असं तिचं पक्कं मत होतं. माणूस सकाळी न्हाला की दिवसभर पारोसा राहत नाही, मग सुई कशी राहील? एका म्हशीला टोचून झालं की ती सुई पदराला पुसायची आणि पुढच्या गोठ्यात शिरायची. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट गावात तिचं कौतुकच होतं, की बाकीचे तर उकळतसुद्धा नाहीत.

टेंभुर्णीपासून थोडं आत आमचं गाव आहे. आत्या तरुणपणीच विधवा झाली आणि लहान मुलीला घेऊन आमच्याकडे, म्हणजे तिच्या धाकट्या भावाकडे, परत आली. दोन म्हशी पाळून तिने मुलीला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. इंजेक्शन द्यायला ती गावात येणाऱ्या एका कंपाउंडरकडे बघून बघून शिकली. कुणाची म्हैस पान्हा चोरायला लागली, कुणाच्या रेडकाला ताप आला, की माणूस आमच्या दारात उभा. पान्हा सुटावा म्हणून टोचायचं ते औषध असं सर्रास द्यायचं नसतं, हे मला जालन्याला कॉलेजात गेल्यावर कळलं. गावात ते दुकानात मिळायचं आणि सगळे आणायचे.

टोचताना ती म्हशीशी सासूसारखी बोलायची. “काय गं भवाने, कुणासाठी ठेवून राह्यली दूध? माहेरी न्यायचंय का?” म्हैस कान हलवून बघेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. म्हशीचा मालक हसत असायचा. तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. फक्त म्हैस व्याली की पहिला चीक आक्काकडे पोचायचा. आमच्या घरी खरवस इतका व्हायचा की आई वैतागायची. आत्या म्हणायची, “खा गं, गाव पान्हावलंय आपल्यावर.”

शेजारी माझे चुलत काका, भगवानकाका. त्यांचं आणि आत्याचं रोज काहीतरी वाजायचं. काका कपाशीवर फवारणी करून आले की पाठीवरचा पंप म्हशींच्या हौदापाशीच धुवायचे. औषधाचे रिकामे कॅन विसळून त्यातूनच हौदात पाणी ओतायचे. आत्या भिंतीवरून ओरडायची, “भगवान, म्हशीला कीड लागली का रे, फवारून राह्यला तू?” काका म्हणायचे, “आक्का, तू तुझी सुई सांभाळ, मी माझा पंप सांभाळतो.” दोघं हसायचे. गावात सगळेच पंप असे धुवायचे. त्यामुळे ते भांडण भांडणासारखं नसायचंच.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना भगवानकाकांच्या म्हशीच्या खांद्यापुढे गाठ आली. ती पहिल्यांदा आत्याच्याच हाताला लागली. लिंबाएवढी होती. काका म्हणाले, डागून टाकू. आत्या म्हणाली, “बिलकुल डागायची न्हाई. डॉक्टरला बोलाव जल्दी.” काकांनी टाळाटाळ केली. तोवर जबड्याखाली दुसरी गाठ आली, म्हैस वाळत गेली, एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसू लागला. शेवटी आत्याच गुरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ होते. त्यांनी गाठीतला नमुना तपासायला पाठवला. तोवर आमच्या गल्लीतल्या आणखी एका म्हशीलाही तशाच गाठी दिसू लागल्या होत्या.

डॉक्टर परत आले तेव्हा मी सुट्टीला घरी होते. गोठ्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. डॉक्टर म्हणाले की हा लिम्फोमा आहे, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. म्हैस वाचणार नाही. कशामुळे होतो, असं कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, “नक्की सांगता येत नाही. गायींमध्ये असा कॅन्सर करणारा एक विषाणू असतो, तो रक्तातून पसरतो, एकच सुई अनेक जनावरांना वापरली तरी पसरू शकतो. म्हशींमध्ये तो असतोच असं नाही. फवारणीच्या औषधांचा संबंध असू शकतो. वयाचा, वंशाचा असू शकतो. तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही.”

मला वाटतं ते एक मिनिटभर बोलले असतील. मला ते सगळं अजून आठवतं, कारण मी कॉलेजात शिकत होते आणि असं काही नीट ऐकायची सवय मला नुकतीच लागली होती. पण त्या एवढ्या बोलण्यातून गावाने एकच शब्द उचलला, सुई. बाकीचे शब्द तिथेच शेणात पडून राहिले. त्याचं कारण कळायला मला बराच वेळ लागला. फवारणी सगळ्यांची होती. सुई एकटीची होती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. आधी आम्हाला वाटलं, जनावरं बरी असतील. मग डेअरीवरचा मुलगा आत्याला म्हणाला, “आक्का, तुमचं दूध जरा वायलं, बाजूला ठेवा.” आठवड्याने म्हणाला, “आक्का, उद्यापासून आणू नका. लोक ऐकून न्हाई राह्यले.” खरं तर तिच्या दोन्ही म्हशी ठणठणीत होत्या. गाठी आलेल्या दुसऱ्या म्हशीची मालकीण रस्त्यात भेटली तेव्हा आत्याने विचारलं, “कशी आहे गं ती?” ती बाई पदर तोंडाला लावून निघून गेली. भगवानकाकांची म्हैस मेली त्या दिवशी काकू भिंतीपलीकडून मोठ्याने रडल्या आणि मोठ्यानेच म्हणाल्या, “टोचून टोचून लावला कॅन्सर माझ्या लक्ष्मीला!” आत्या अंगणात शेण गोळा करत होती.  भांडायला ती कधी मागे हटायची नाही, पण त्या दिवशी शेणाची पाटी तिथेच ठेवून घरात गेली.

वडील मला म्हणाले, “तुझं सायन्स आहे ना? मंग सांग की लोकांला.” मी पारावर गेले. मी डॉक्टरांचं सगळं बोलणं पुन्हा सांगितलं, फवारणीचंसुद्धा. लोक शांतपणे ऐकत होते. भगवानकाका मान हलवत होते. मी थांबल्यावर ते म्हणाले, “पोरगी हुशार झाली. पण शेवटी आत्याचीच की.” सगळे हसले. मायेने हसले, हे सगळ्यात वाईट होतं.

मी रक्ताच्या अहवालासाठी डॉक्टरांच्या मागे लागले. त्यांनी गाठी आलेल्या दोन्ही आणि आत्याच्या म्हशींचं रक्त आधीच तपासायला पाठवलं होतं. अहवाल आला. विषाणू सापडला नव्हता, कुठल्याच म्हशीत नाही. मी धावत भगवानकाकांकडे गेले. ते म्हणाले, “बरं झालं बाई.” आणि बैलाला वैरण टाकायला लागले. मी म्हटलं, “काका, मग लोकांना सांगा ना.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “सांगतो की. पण डॉक्टरला काय, आज न्हाई म्हणतो, उद्या हौ म्हणल. लोकायच्या मनात बसलं ते बसलं.” त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्या वर्षी पंप कुठे धुतला, तर म्हशींच्या हौदापाशीच.

वडिलांनी आत्याच्या म्हशी लांबच्या बाजारात नेऊन विकल्या, कारण जवळच्या बाजारात आमच्या गावाचं नाव पोचलं होतं. मग एका सकाळी ते आत्याला म्हणाले, “आक्का, थोडे दिवस पोरीकडं जाऊन ये. हवापालट होईल.” तिची मुलगी, माझी सुनीताताई, अंकुशनगरला राहते, दाजी साखर कारखान्यात कामाला आहेत. आत्या म्हणाली, “थोडे दिवस का कायमचं, ते सांग भाऊ. तसे लुगडे घेते.”  तिने सगळी लुगडी घेतली.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. सुनीताताईला बाळ झालं आहे, दोन महिन्यांचं. दुपारी एक बाई बाळाला तेल लावायला आली होती. आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी बसली होती, दोन्ही हात पदराखाली. ताई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, “आई लेकराला हातच लावत न्हाई गं. म्हणते माझ्या हाताचा गुण बराबर न्हाई. सासूबाईंला काय सांगू मी?”

मी आत्याजवळ जाऊन बसले. अहवालाबद्दल पुन्हा सांगितलं. विषाणू सापडला नाही, हे तिला आधीही सांगितलं होतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ते सापडलं न्हाई, बराबर. पण तू शिकून राह्यली ना, मला एवढंच सांग. माझ्या हातानं झालं का न्हाई झालं?”

मी सरळ ‘न्हाई झालं’ म्हणू शकले असते. त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी पुस्तकं आठवली, डॉक्टर आठवले. म्हशींमध्ये हा आजार का होतो यावर अजून पुरेसं काम झालेलं नाही, हे आठवलं. मी म्हटलं, “आत्या, तुझ्या सुईने झालं असं काहीच दिसत नाही. पण नक्की कशामुळे, ते सांगता येत नाही. कुणालाच.”

“सांगता येत न्हाई म्हणजे हौच की,” ती म्हणाली. रागाने नाही. बसची वेळ सांगावी तसं म्हणाली.

बाळ रडायला लागलं. तेल लावणारी बाई हात पुसत होती, ताई चुलीपाशी होती. बाळ आत्याच्या नजरेसमोर चटईवर हातपाय झाडत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, पुढे झुकलीसुद्धा. मग आत वळून हाक मारली, “सुनीता, ये गं जल्दी. लेकरू रडून राह्यलंय, कुणी उचला त्याला.”