सात एप्रिलची सत्यभामा

परंड्यात किल्ल्याकडे जाताना डाव्या हाताला जी पिठाची गिरणी लागते, तिथे डब्यावर नाव लिहायची पद्धत नाही. सत्यभामाकाकूंना त्याची गरजच पडत नाही. पोचा पडलेला जर्मनचा डबा कुणाचा, झाकणाला निळी नाडी बांधलेला कुणाचा, कुणाच्या ज्वारीत मूठभर उडीद असतात आणि कुणाला जनावरांसाठी भरड लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. माणूस दारात दिसायच्या आत त्याचा डबा पुढे सरकलेला असतो. बावीस वर्षांत एकाचं पीठ दुसऱ्याच्या घरी गेलेलं नाही.

अशा बाईला एका कंपनीने लेखी कळवलं, की तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होत नाही.

कंपनी मोबाईलवरच्या एका खेळाची. खेळाचं नाव ‘शिवारफेरी’. पडद्यावर आपलं रान असतं, ते पेरायचं, राखायचं, काढायचं. चाळीस खेळाडूंची मिळून एक वाडी होते, आणि वाडीतल्यांनी एकमेकांच्या सुगीला धावून जायचं असतं. लॉकडाऊनमध्ये गिरणीत गिऱ्हाईक तुरळक झालं, तेव्हा काकूंच्या मुलाने आपल्या जुन्या फोनवर तो त्यांना उघडून दिला. मुलगा पुण्याला निघून गेला, खेळ राहिला. पट्टा फिरत असायचा, पीठ गरम होऊन पिशवीत उतरत असायचं, आणि काकू पिठाळ अंगठ्याने पडद्यावरचा हरभरा काढत असायच्या.

काकूंचं माहेर सोनारीचं. भैरोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर वडिलांचं रान होतं. लग्नानंतर भावांसाठी त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. पण खेळात पहिल्यांदा ‘हे शिवार तुमचं’ अशी अक्षरं उमटली तेव्हा त्यांनी ती मला दोनदा वाचून दाखवली होती.

चार वर्षांत त्या वाडीच्या कारभारीण झाल्या. खेळातलं त्यांचं नाव ‘गिरणीवाली’, पण सगळे ‘माई’ म्हणत. उमरग्याकडचा भीमाशंकर नावाचा टेम्पोवाला, नागपूरची एक नर्स, कुठलीतरी नवी सून जी सासू झोपली की खेळायची, असे चाळीस जण. यातल्या एकालाही काकूंनी पाहिलेलं नव्हतं.

गेल्या श्रावणात, एका दुपारी, भीमाशंकरच्या नावाने निरोप आला. “माई, माझ्या खात्याचा सहा आकडी नंबर चुकून तुझ्या फोनवर आलाय. तेवढा पाठव.” नंबर खरंच आला होता. चुकून आलेला डबा ज्याचा त्याला परत करायचा, यात विचार करण्यासारखं काकूंना काही वाटलं नाही. त्यांनी तो पाठवला. भीमाशंकरचं खातं आदल्या दिवशीच चोरलं गेलं होतं, आणि ते सहा आकडे काकूंच्याच कुलपाची किल्ली होते.

संध्याकाळपर्यंत चोराने खात्यावरचा फोन नंबर बदलला, चार वर्षांचं रान उपटून टाकलं आणि कुणालाही उघडून बघता येणाऱ्या वाडीच्या पानावर ‘गिरणीवाली’ या नावाने एकेकाला लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलंय. इथे लिहिणार नाही. नर्सबाईला लिहिलेलं वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला होता. लोकांनी तक्रारी केल्या, कंपनीने खातं बंद केलं. चोर आपल्या वाटेने गेला. शिक्षा नावाला झाली, आणि नाव काकूंचं होतं.

“जाई, तू एम.ए. झालीस न्हवं? अर्ज लिही.” दळण घ्यायला गेले तर काकूंनी मला स्टुलावरच बसवलं. “लिही, की म्या बावीस वर्सं गिरणी चालवते. म्या असलं बोलत न्हाय. माझ्या गिरणीत कुणी शिवी दिली तर त्याचं दळण म्या तसंच परत पाठवते. लिही, की ती घाण माझ्या नावाखालनं पुसा. रान गेलं तर गेलं.”

मी इंग्रजीत लिहून दाखवलं.

“एवढं बोलले म्या, आन् दोनच ओळी?”

“इंग्रजीत जागा कमी लागते, काकू.”

“मग चार ओळी लिही. पैसं पडत्यात का?”

उत्तर चार मिनिटांत आलं. मी मराठीत सांगितलं, “तुमची नाराजी आम्ही समजू शकतो, असं म्हणतायत.”

“चार मिनिटात?” काकूंनी पट्ट्याकडून मान वळवली. “म्या सांगत हुते तवा तूबी रडलीस, तुला अर्धा तास लागला. ह्यो कोन हाय चार मिनिटात समजनारा?”

तो कोणीच नव्हता. ते मशीन होतं.

बलभीमकाका, त्यांचे यजमान, गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. ते म्हणाले, “खोट्या रानासाठी खरं रडायलीया. दुसरं खातं काढ की. फुकट तर हाय.”

“तुमच्या नावानं गावात कुणी शिव्या घालत हिंडलं तर दुसरं नाव घ्याल का?”

काका पुन्हा टाकी लावू लागले.

कंपनीने ओळखपत्र मागितलं. आधारचा फोटो पाठवला. उत्तर आलं, खात्यावरची जन्मतारीख आणि ओळखपत्रावरची जन्मतारीख जुळत नाही. आधारवर होतं एक जून एकोणीसशे सत्तर. खात्यावर होतं सात एप्रिल एकोणीसशे बहात्तर.

आमच्याकडे याचं कोणालाही नवल वाटत नाही. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना आठवली नाही, की मास्तर एक जून लिहायचे आणि वय सहा बसेल असं साल धरायचे. काकूंच्या आईला तारीख येत नव्हती, पण दिवस पक्का ठाऊक होता. बहात्तरच्या चैत्रात, सोनारीच्या यात्रेत, माकडांनी प्रसादाची पाटी पालथी घातली आणि त्याच घटकेला ही जन्मली. पुढे कुणीतरी पंचांग बघून सात एप्रिल काढून दिली. तिचा कधीच काही उपयोग झाला नाही. शाळा, लग्न, रेशन, बँक, हक्कसोडपत्र, सगळीकडे एक जून. भावांच्या नावावर रान करताना एक जूनची सत्यभामा सगळ्यांना चालली. तेव्हा कोणी विचारलं नाही, ही बाई तीच का.

खेळात पहिल्यांदाच कोणी कागद न मागता तारीख विचारली. तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खरी तारीख लिहिली.

“म्हंजे खरं लिहिलं म्हनून म्या खोटी,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. गिरणी बंद होती, म्हणून मला ऐकू आलं.

आम्ही ऑनलाईन सेवा केंद्रात गेलो. ते चालवणारा योगीराज आधारवर तारीख पाहून हसला. “काकू, अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला असतोय. केक पुरत न्हाय.” मग हसू आवरून म्हणाला, “बदलायची तर जन्माचा दाखला लागंल.”

“यात्रेत जन्मल्यालीला दाखला कोन देतंय? माकडं?”

मी आणखी दोन अर्ज केले. दोन्ही तारखांची हकीकत लिहिली, मास्तरांची, शाळेची, यात्रेची. चोराने कोणत्या दिवशी फोन नंबर बदलला तेही लिहिलं. शेवटचं उत्तर आलं: निर्णय अंतिम आहे, खातं कायमचं बंद राहील, आमच्या खेळाडूंची सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची वाटते.

मी ते गिरणीच्या पायरीवर वाचून दाखवलं. चोराला कोणी तारीख विचारली नाही. त्याला सहा आकडे पुरले. त्याच्याकडे गिरणीतली बावीस वर्षं कोणी मागितली नाहीत, त्याच्या आईला काय आठवतं ते कोणी विचारलं नाही. दार उघडताना किल्ली पुरते आणि परत आत येताना जन्म सिद्ध करावा लागतो, हा कुठला न्याय? आणि तो सांगायचा तरी कोणाला? पलीकडे माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. परंड्यातला सर्वांत उद्धट कारकूनसुद्धा खिडकीत तोंड तरी दाखवतो.

काकू म्हणाल्या, “तुझ्या फोनवर घे खेळ. वाडीत जाऊ.”

वाडीत आता तेवीस जण उरले होते. भीमाशंकर नवं खातं काढून परतला होता. मी आत गेले, काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेले. “म्या गिरणीवाली. ते म्या लिहिलं न्हाय.”

कोणीतरी लिहिलं, “कशावरून तू माई?”

काकूंनी फोन माझ्या हातून घेऊन तोंडाजवळ धरला आणि आवाजाचं बटण दाबलं. “भीमाशंकर, तू कांदा कवाच येळंवर काढत न्हाईस, आन् काढलास की वाडीला न सांगता इकतोस. नर्सबाई, तू रातपाळी असली की नुस्ता भुईमूग लावतीस, त्याला बघावं लागत न्हाय म्हनून. आन् सूनबाई, तुझी सासू उठली की तू अर्धं वाक्य लिहून पळतीस. अजून सांगू का?”

मग भीमाशंकरचं आलं, “माईच हाय ही. कांद्यावरनं मला दुसरं कोण बोलणार?” सूनबाईने लिहिलं, “माई मला वाटलंच होतं तुम्ही असं कधीच” आणि तिथेच थांबली. काकू हसल्या. नर्सबाईचं काही आलं नाही. काकूंनी दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. अजून आलेलं नाही.

भीमाशंकरने सुचवलं, नवीन खातं काढा, माई, आम्ही वाडीत घेतो. काकू आधी नको म्हणाल्या, जुन्या नावाखालची घाण अजून तशीच होती. मग म्हणाल्या, “नर्सबाईशी बोलायला आत तर ऱ्हायला पायजे.”

मी त्यांच्या फोनवर खातं उघडत गेले. नाव ‘गिरणीवाली’च, पुढे एक आकडा लावून. मग तारखेची चौकट आली. माझं बोट थांबलं.

“एक जून टाक,” दारातून बलभीमकाका म्हणाले. “पुन्हा ताप नको डोक्याला.”

“खरंय, काकू,” मी म्हणाले. “उद्या पुन्हा कोणी चोरलं तर आधारशी जुळेल.”

काकूंनी ओला हात पदराला पुसला.

“सात एप्रिल टाक.”

“मग पुन्हा भांडावं लागेल.”

“भांडू की. त्या दिवशी माझी आय तिथं हुती. मास्तर न्हवता.”