डोळे बदलून देणारी टपरी

उमरखेडच्या स्टँडजवळ एका पोराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा फोन महिन्यातून एकदा तरी रुसतो, म्हणून आमची ओळख. चिमट्यात स्क्रू धरून तो मला इंग्रजी कादंबऱ्या सांगायचा, सगळ्या पुढच्या काळातल्या. रात्रंदिवस दिव्यांनी पेटलेली शहरं, डोक्यात वायरी घातलेली माणसं. मी म्हणायची, "बापा, लाइट गेली का मरतीन ना रे सारे!" तो एवढा हसायचा की स्क्रू खाली पडायचा.

यंदाच्या कादंबरीत एक जण टपरीवर डोळे बदलायला जातो. "काकू, आपण मोबाइलची काच बदलतो ना, तसे डोळे बदलून देते तो. माह्यासारखाच टपरीवाला हाय."

दिवाळीनंतर नागपूरच्या डॉक्टरनं पोराला सांगितलं, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नसते, उरलेली टिकली तरी पुष्कळ. तेव्हापासून गोष्ट त्या टपरीवरच थांबली आहे. खुणेला ठेवलेलं जुनं सिमकार्डही त्याच पानात आहे. मी वाचायला शिकले ती दुकानांच्या पाट्यांवरून, तेही मराठीच. इंग्रजी येत असतं तर पुढची पानं मीच वाचून दाखवली असती.

काल त्यानं माझा फोन उघडला आणि चिमटा माझ्याच हातात दिला. "काकू, तेवढा स्क्रू तुम्हीच लावा."

मी लावला. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून विचारलं, "मंग, बसले का रे त्याचे डोळे?"

मिटलेल्या पुस्तकावरून हात फिरवत तो म्हणाला, "अजून बसवून राह्यले, काकू."