काकांचं नाक आणि काकूचा स्पंज

माझे काका छापखान्यात मशीन चालवायचे. आयुष्यभर शाई, रॉकेल आणि कागदाची धूळ आत गेल्यामुळे त्यांच्या नाकानं त्यांच्या आधीच निवृत्ती घेतली होती. दूध उतू जाऊन करपलं तरी त्यांना पत्ता नसायचा. काकू म्हणायची, "या घरात नाक एकच, तेही माझं."

मग काकू आजारी पडली. उपचार असे कडक, की आजार जाईल तेव्हा जाईल, आधी तिचे केस गळाले आणि अंगातली ताकदच ओसरली. दवाखान्यातून निघताना नर्सताईंनी काकांना बजावलं, "आता साध्या जंतूंचाही यांना त्रास होईल. स्वयंपाकघर जपा. आणि भांडी घासायचा स्पंज आधी बदला. ओला राहतो, घाण तिथंच साठते."

काकांनी उभ्या जन्मात कधी चमचा विसळला नव्हता. पण त्या संध्याकाळी ते बाह्या दुमडून सिंकपुढे उभे राहिले. बाजारातून त्यांनी हिरवागार स्पंज आणला होता. वेष्टणावर फुलांचं चित्र आणि 'जंतुनाशक' अशी ठसठशीत अक्षरं. "छपाई झकास आहे," म्हणून त्यांनी तो निवडला होता.

मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे रोज खाली चक्कर असायचीच. काकू दिवसेंदिवस सुकत चालली होती. डॉक्टर म्हणत होते भरपूर पाणी प्या, आणि काका दर थोड्या वेळानं भरलेला ग्लास तिच्या उशाशी नेऊन ठेवत होते. ग्लास रिकामा होत होता, तरी तिचे ओठ कोरडेच. शेवटी एका दुपारी काका औषध घेऊन आत गेले, मागोमाग मी, तर काकू पलंगावरून वाकून खिडकीतल्या कुंडीत पाणी ओतत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

काकूनं रिकामा ग्लास उशाशी ठेवला आणि म्हणाली, "अहो, ग्लासाला वास येतो. त्या स्पंजाचा. अत्तराच्या बाटलीतून पाणी प्यायल्यासारखं वाटतं, पोटात ढवळतं."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलात. कोणत्या तोंडानं नाव ठेवू?"

काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं. एवढे दिवस डोळ्यांत तेल घालून जिची काळजी घेतली, ती त्यांच्याच हातानं घासलेल्या ग्लासामुळे तहानलेली राहिली होती. मग ते उठले आणि कुंडीकडे बघून म्हणाले, "तरीच हे झाड एवढं माजलंय." काकू हसली. त्या आजारपणात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

संध्याकाळी ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानदार बाईंना म्हणाले, "वास नको, औषध नको, रंगही नको. नुसता स्पंज द्या."

बाईंनी खालच्या फळीवरून एक फिकट, कडक चौकोन काढला. "हा लाकडाच्या लगद्याचा. पाण्यात घातला की फुगतो आणि मऊ होतो."

"लगद्याचा?" काकांचे डोळे चमकले. "म्हणजे कागदाचा सख्खा भाऊच की!"

तिथून काकांना जणू नवीन नोकरी लागली. भांडी झाली की स्पंजातले अन्नाचे कण काढायचे, तो स्वच्छ पाण्यात पिळायचा आणि खिडकीतल्या तारेला उन्हात चिमट्यानं लटकवायचा. रोज सकाळी एका जुन्या पातेल्यात उकळायचा, तो पूर्ण वाळेपर्यंत दुसरा वापरायचा. उकळला म्हणजे अमर झाला असं नाही, हेही त्यांना पटलं होतं. जरा बुळबुळीत लागला की ते जाहीर करायचे, "याची बदली बाथरूममध्ये."

अडचण एकच, वासाची. स्पंज कुबटला की नाही, हे काकांच्या नाकाला कळणार नव्हतं. आणि काकूला कसं विचारणार? तिला वासानंच मळमळायचं. मग काका सकाळी सकाळी माझ्या दारात स्पंज घेऊन उभे.

"घे, वास घे."

"काका, तोंडात ब्रश आहे!"

"नाक मोकळं आहे ना?"

मी नसले तर शेजारच्या शिक्षिकाबाईंची पाळी. बाई बिचाऱ्या शाळेची घाई सोडून डोळे मिटून स्पंज हुंगायच्या आणि गंभीरपणे 'पास' किंवा 'नापास' असा निकाल द्यायच्या.

हा साधा स्पंज आणला, त्याच संध्याकाळी त्यानं घासलेला ग्लास काकांनी काकूच्या हातात दिला आणि दाराआड जाऊन उभे राहिले. तिनं आधी हुंगलं. एक घोट घेतला, थांबली, मग आणखी एक. शेवटी सगळा ग्लास संपवून तिनं हाक मारली, "अहो, दाराआड काय उभे आहात? अजून आणा." काका लगबगीनं काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन आत आले. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

बरं व्हायला काकूला खूप वेळ लागला. पण हळूहळू डोक्यावर केस आले, अंगावर जरा मूठभर मांस चढलं, आणि एके दिवशी पदर खोचून ती सिंकपुढे येऊन उभी राहिली. काका बाजूला सरकेनात.

"सरका. माझी जागा आहे ही."

"होती," काका म्हणाले.

त्यावर दोघांचं चांगलंच वाजलं. वरपर्यंत आवाज येत होता. मी धावत खाली गेले, तर काका घासत होते आणि काकू शेजारी स्टुलावर बसून एकेक कप पुसत होती. मधूनच एखादा कप उजेडात धरून म्हणायची, "कानाशी डाग राहिलाय, परत घ्या." आणि काका तो निमूटपणे परत घेत होते.