समाधान बारमधली आखणी

पेणच्या कॉलेज रोडवर कुणालाही विचारा, समाधान बारचा पुंडलिक कुठे भेटेल? गल्ल्यावर. हातात काय असेल? लिंबू सोडा. बार टाकून अठरा वर्षं झाली, पण या माणसाने दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. निकालाच्या दिवशी कॉलेजची पोरं दोन कारणांनी त्याच्याकडे येतात, पास झाली म्हणून आणि नापास झाली म्हणून. पुंडलिक आधी आधार कार्ड बघतो, मग तोंड बघतो, आणि तोंड फारच कोवळं वाटलं तर सरळ शेजारच्या शकूच्या टपरीवर वडापाव खायला पिटाळतो. "अरे, बार चालवतोस की शाळा?" म्हणून समोरचा झेरॉक्सवाला निकेश त्याला चिडवतो. "दोन्ही नीट जमत नाय, काय करू?" हे पुंडलिकचं ठरलेलं उत्तर.

मूळचा तो वडखळच्या बाजूचा, खाडीकाठचा. बाप दिवसभर मिठागरात राबायचा आणि संध्याकाळी प्यायचा. झुलत दारात उभा राहायचा आणि वर शपथेवर सांगायचा, "घेतली नाय!" मग आई रडायची. हे सगळं पुंडलिकने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, धोंडुबाईने, एकाच गोधडीत पडून ऐकलेलं. त्यातून पुंडलिक 'प्यायची नाही' एवढं शिकला. 'विकायची नाही' हे काही शिकला नाही. हायवेवरच्या हॉटेलात दहा वर्षं वेटर होता, जे येत होतं त्याचंच दुकान टाकलं, बिचारा दुसरं करणार काय! पण धोंडुबाईने उद्घाटनाच्या दिवशी बारच्या दारातच त्याला झाडलं. "ज्यानं आईला रडवलं तेच इकाया बसलास? तुझ्या दारात पाय ठेवीन तर बघ."

दारात म्हणजे बारच्या दारात आणि घराच्याही. दर वर्षी गणपतीआधी पुंडलिक हमरापूरला बहिणीच्या सासरी आमंत्रण घेऊन जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. गौरीच्या दिवशी त्याच्या घरी माहेरवाशिणीचं पान वाढलं जायचं आणि तसंच राहायचं. अठरा वर्षं! बाकी देवाने त्याला सगळं दिलं होतं, पोटाचा घेरसुद्धा. बहिणीने एकदा माहेरी यावं, एवढंच काय ते हवं होतं.

यंदा श्रावणात धोंडुबाईच्या मुलाच्या, हर्षदच्या, मूर्तींच्या कारखान्याचे पत्रे वाऱ्याने उडाले. आत एकशे चाळीस शाडूचे गणपती, रंग ओला आणि वरून पाऊस. हलवायचे कुठे? हमरापुरातली प्रत्येक ओटी, पडवी, समाजमंदिर आधीच गणपतींनी भरलेलं. हर्षद आईला न विचारता मामाकडे धावला. श्रावणात बार तसाही ओस पडलेला. मामाने खुर्च्या भिंतीला लावल्या, एसी चालू केला, आणि बाप्पा टेबलाटेबलावर गारव्यात सुकायला बसले. बाकी रंगकाम झालं होतं, राहिली होती ती डोळ्यांची आखणी. ते काम धोंडुबाईचं. तिचा हात लागला की मूर्ती बघायला लागते, असं गिऱ्हाईकं म्हणतात. तिने मुलाला आधी यथेच्छ शिव्या घातल्या, मग मामाला निरोप धाडला, "शनवारी येईन. देवासाठी येईन, त्याच्यासाठी नाय. आणि देव हायत तवर तिथं बाटली उघडायची नाय."

पुंडलिकने फोनवरच शब्द दिला.

आता श्रावण पाळणारे दोन प्रकारचे असतात. एक खरंच पाळणारे, आणि दुसरे, पाळतो म्हणून घरी सांगणारे. दुसऱ्यांतले दोघे गुरुवारी संध्याकाळी बारमध्ये हजर. एक कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे सुशील सर, दुसरा कंपनीत शिफ्ट करणारा विशाल. सरांनी हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "पुंडलिकशेठ, यांना डोळे कुठे आहेत?"

"आखायचेत अजून."

"म्हणजे बाप्पाला अजून दिसत नाही."

"तसं... नाय दिसत."

"मग अडचण काय? ओत."

"अहो सर, कान हायत ना! सुपाएवढे!"

"आम्ही बोलणारच नाही," सर म्हणाले.

आता घ्या! पुंडलिक पडला भिडस्त. अठरा वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. दोघे मुकाट्याने प्यायला बसले. शुक्रवारी दुपारी ते दोघे परत आले, सोबत आणखी सहा जण, तेही मुके. चकणा हवा तर बोट दाखवायचं, सोडा हवा तर भुवई उडवायची. एवढी शांतता कॉलेजच्या वाचनालयातसुद्धा नसते. आज काय ते देऊ आणि उद्या सकाळी सगळं धुऊन काढू, असा पुंडलिकने मनाशी हिशेब केला.

आणि त्याच वेळी दार उघडलं. धोंडुबाई शनिवारची वाट न बघता शुक्रवारीच आली होती. हातात ब्रशांची पिशवी, डोक्यावर छत्री.

सरांनी झटकन ग्लास एका बाप्पाच्या पाठीमागे सारला. "खोकल्याचं औषध आहे, ताई."

"आठाच्या आठ जणांना खोकला?"

विशाल लगेच खोकला. पाठोपाठ बाकीचेही खोकले. सगळ्यांनी पुंडलिककडे बघितलं. त्याच्याही तोंडाशी आलं होतं, औषधच हाय गो बाय. एक मान हलवली असती तर निभावलं असतं, निदान त्याला तसं वाटलं. मान काही हलेना.

"बाय," तो म्हणाला, "दारूच हाय ती. मी शब्द मोडला. कालपास्नं देतोय. यांना बोलू नको, चूक माझी हाय."

आता ती पाठ फिरवणार आणि पुन्हा कधी येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

धोंडुबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि जमिनीवर बसकण मारली. "मना काय वास येत नाय व्हय रं मेल्या? बस हितं. मूर्ती धर. मी डोळा काढताना हललास, श्वास सोडलास, तर याद राख."

पुंडलिक पोट आत ओढून बसला. पहिला बाप्पा बघायला लागला आणि त्याच्या समोरच्या टेबलावरचे दोघे अवघडून मागच्या टेबलावर गेले. तिथल्या बाप्पाचे डोळे झाले, तसे तिथून उठले. एकेक रांग बघायला लागली की आठ जण ग्लास सांभाळत पुढच्या आंधळ्या रांगेमागे सरकायचे. शेवटी आठही जण संडासाच्या दाराशी एका टेबलाभोवती मेंढरांसारखे दाटले, आणि धोंडुबाईला हसू आवरेना. हातातला ब्रश खाली ठेवून ती हसली. "इतकी वर्सं बेवड्यांना शिव्या दिल्या, एक उठला नाय. आज बघा कशे पळतात!"

पुंडलिक उठला आणि शकूच्या टपरीवरून चहा घेऊन आला, कागदी कपात. बारच्या ग्लासातलं बहीण पिणार नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने चहा घेतला आणि पुन्हा ब्रश उचलला.

दिवेलागणीला एकशे एकोणचाळीस झाले. एकेक करत गिऱ्हाईकं सटकली होती, सर तेवढे दारात रेंगाळत होते. धोंडुबाई ब्रश धुवायला लागली.

"ताई," सर आशेने म्हणाले, "तो कोपऱ्यातला एक राहिलाय वाटतं."

पुंडलिकने ती छोटी मूर्ती उचलून पुढे आणली. "व्हय गो बाय, याला इसरलीस."

"इसरले नाय. तो तुझ्या घरचा. चतुर्थीच्या आदल्या दिशी येईन, तुझ्या घरात बसून त्याचे डोळे काढीन, आणि गौरी जेवूनच जाईन." ती ब्रश झटकत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "बा कधी कबूल झाला नाय रं, पुंड्या. मरंस्तवर नाय झाला."

पुंडलिक मूर्ती छातीशी धरून पोरासारखा ढसाढसा रडायला लागला. सुशील सरांना काय करावं कळेना, ते हळूच पायऱ्या उतरून गेले.

"मेल्या, रंग जाईल त्याचा!" बहीण ओरडली. तिने आधी मूर्ती त्याच्या हातातून काढून घेतली, जपून टेबलावर ठेवली आणि मग पदराने त्याचं तोंड पुसलं.