मशीनताईचा ‘क’

मशीनताईच्या दुकानात तीन मशिनी होत्या. दोन शिवायच्या आणि तिसरी तिच्या तोंडात! कुडवा गावात माझं मोबाइल कव्हरचं दुकान तिच्या टेलरिंगच्या दुकानाला लागूनच. पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून ढोल, झांज, टाळ्या असा दणका ऐकू आला. एवढा भारी स्पीकर कुठून घेतला हे विचारायला गेलो, तर ताई एकटीच ब्लाउजला हुक लावत बसलेली आणि ओठ थडथडताहेत. स्पीकरबिकर काही नाही! मी तिथेच खुळा झालो.

‘‘बीटबॉक्सिंग म्हनतेत याले,’’ ती म्हणाली. ‘‘मोबाइलवर पाहून शिकली. सासू म्हनते, सुनेले भूत लागलं.’’

मलाही शिकव म्हणून मागे लागलो. तिने आधी बोटं मागितली. तोंड किती उघडतं ते पाहायला आपलीच मधली तीन बोटं उभी करून तोंडात घालायची. माझी दोन गेली, तिसरं काही केल्या जाईना. सुपारी-तंबाखूचा खर्रा दिवसाला चार पुड्या खाणाऱ्याचं तोंड ते!

‘‘काऊन रे बाबू, यवढ्याशा दारातून ढोल कसा निंगन?’’

तरी शिकवलं. ओठ घट्ट मिटून हवा कोंडायची आणि फाडकन सोडायची, की ढोल. जिभेचं टोक दातांमागे टेकवून ‘ट्स’ केलं, की झांज. सगळ्यांत अवघड टाळीचा ‘क’. तो श्वास आत ओढत काढायचा. ‘‘आवाज बी त्यातच, दम बी त्यातच,’’ ताई बजावायची. ‘‘नाही त दोन मिनिटांत हवा संपते.’’

दिवाळीनंतर बिरसीकडच्या एका गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली होती. दंडारीच्या लोकनाट्याआधी शाळेतल्या पोरींचा नाच. त्यांचे कपडे ताईनेच शिवलेले, म्हणून आम्हीही गेलो होतो. ऐन वेळी गाण्याचा पेनड्राइव्ह चालेना. पोरी रडकुंडीला आल्या. ताईने एक माइक स्वतः उचलला, दुसरा माझ्या हातात कोंबला. धीर यावा म्हणून मी गुपचूप चिमूटभर खर्रा ओठाखाली दाबला.

ताईचा ढोल सुरू झाला, झांज सुरू झाली. जिलेबी अर्धी टाकून माणसं मांडवाकडे धावली. मीही जोशात ‘क’ ओढला आणि सुपारीचा चुरा थेट घशात! माइकवर असा ठसका लागला की सारी मंडई खदखदली. ताई थांबली नाही. माझ्या एकेका ठसक्याला तिने एकेक ढोल जोडला आणि पोरी त्यावर नाचल्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. काय शिट्ट्या, काय टाळ्या!

खाली उतरल्यावर मी हसत होतो. ती हसत नव्हती.

‘‘माहा बाप दंडारीत गात होता, बाबू. खर्र्यानं त्याचं तोंड बंद झालं. शेवटी चमचा जात नव्हता. तुले बी तसंच पाहाचं का मी?’’

खिशातली पुडी मी तिथेच फेकली. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. तोंडाचे व्यायाम करा. तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडलं, की पलीकडून हाक यायची, ‘‘बोटं!’’

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला रायपूरला नोकरी लागली. टेम्पोत शिलाई मशिनी चढल्या. निघताना ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘‘बोटं.’’ अख्ख्या गल्लीसमोर मी तोंड उघडलं. एक, दोन... आणि तिसरं! जरा अडलं, पण गेलं! ताई रडत होती आणि रडता रडता तोंडाने ढोल बडवत होती.

आता तिचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही. नुसतं ‘ढम, ट्स’ करते आणि थांबते.

‘क’ माझा. पूर्ण दम ओढून देतो.