खुडूक कोंबडी आणि आभाळातला बार

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शिकूनही जमलं नाही. कुणाच्या हाती ही वही लागलीच तर रागावू नये. मी माझ्यापुरतंच लिहिते आहे.

ऐंशी सालाच्या आसपास आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहायचो. थोरल्या जावेकडून चाळीस रुपये उसने घेऊन मी दोन कोंबड्या आणल्या. पहिली खुडूक झाली, अंडी द्यायची थांबून उबवायला बसू लागली, तेव्हा वेताच्या बुट्टीत भाताचं पिंजर घालून तिला बारा अंड्यांवर बसवलं. ढग गडगडले की अंडी नासतात, म्हणून आमच्यात बुट्टीत कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवतात. तसा मीही ठेवला.

चौदाव्या दिवशी लख्ख ऊन होतं. एकाएकी आभाळात बार झाला, लगेच दुसरा. फळीवरची भांडी खणखणली. कोंबडी ओरडत पळाली ती कडब्याच्या गंजीत शिरली. खिळा आहे, अंड्यांना काय होतंय, म्हणून मी तिला शोधलंही नाही. संध्याकाळपर्यंत अंडी गार पडली. एकही पिल्लू निघालं नाही. विमानाचा बार, असं गावात म्हणू लागले, आणि पुढंही तो अधूनमधून होत राहिला.

"माझं चाळीस रुपय इमानात बसून गेलं म्हण की," जाऊ विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली. दिवाळीपर्यंत पैसे दिले नाहीत, तर दोन्ही कोंबड्या ती नेणार होती.

माझा धाकटा भाऊ बेंगळूरला नोकरीला. विमानांचे लहान नमुने जोराच्या वाऱ्यात धरून तपासायचं त्याचं काम. सुट्टीला आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं.

"आक्का, अंडी आवाजानं न्हाय, थंडीनं गेली."

"मग इमानाचा त्यो बार कसा हुतो रं?"

त्यानं परातीत पाणी घेतलं आणि त्यातून बत्ता जोरात ओढला. लाट काठाबाहेर सांडली. मग केरसुणीची काडी ओढली. पाणी जेमतेम हललं.

"विमान आवाजाच्या पुढं पळालं की अशी लाट जमिनीवर आदळती. त्याचं नाक लांब, निमुळतं केलं तर दणका कमी बसंल. त्याच्यासाठीच आमचं चाललंय."

"मग करा की बिगीबिगी. माझी दुसरी कोंबडी बसायला आलीया."

"तुझ्या कोंबडीला धा-वीस वर्सं थांबाय सांग," तो हसला. मग म्हणाला, "तू लिहून ठेव. बार किती वाजता झाला, एक का दोन, भांडी हलली का. आमच्या साहेबांना कामाला येतंय."

"माझं अक्षर बघून हसतील."

"त्यांना बार पायजे, अक्षर न्हाय."

मी महिनाभर लिहिलं. तेव्हा ध्यानात आलं, बार फक्त मंगळवारी आणि गुरुवारी होतो, शाळेची दहाची घंटा झाल्यावर.

दुसरी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली. त्या दोन दिवशी घंटा झाली की मी दार लावून बुट्टीशी बसायची. एकोणिसाव्या दिवशी मंगळवार आला. कोंबडीवर दोन्ही हात ठेवले. तिचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं, माझं त्याहून जास्त. बार झाला. ती उसळली, चोचीनं मनगट फोडलं. मी सोडलं नाही. दुसरा बार झाला. हळूहळू ती सैल पडली. रक्त पदराला पुसलं आणि आधी वहीत वेळ लिहिली.

दहा पिल्लं निघाली. वहीची पानं भावाला पाठवली. 'कोंबडी उसळली' असं लिहिलं होतं, तिथं साहेबांनी महत्त्वाचं म्हणून लाल खूण केली, असं त्यानं कळवलं.

दिवाळीच्या तोंडावर निपाणीच्या बाजारात तीन कोंबडे विकले आणि चाळीस रुपये जावेच्या हातावर ठेवले. तिनं दोनदा मोजले.

"फिटलं," ती म्हणाली.