हँडओव्हर पूर्ण झालं, असं मेलमध्ये लिहिलं होतं

कारखान्याच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने माझी टूलबॅग टेबलावर ठेवून घेतली, पण सहीचं रजिस्टर काही पुढे केलं नाही. म्हणाला, "चाचा, आपका पास बंद है. आप तो रिटायर हो गये ना?"

मी विचारलं, कोण बोललं? त्याने मागच्या बोर्डाकडे बोट केलं. तिथे आमच्या ऑफिसने पाठवलेल्या मेलची प्रिंट टाचली होती. वर एका बाईचा फोटो, खाली इंग्रजी. मी बेटेगावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही अर्धामुर्धा. इंग्रजी मला येत नाही. मी त्यालाच वाचून सांगायला लावलं. पत्नीच्या दुःखद निधनामुळे वामन पाटील यांनी जबाबदारीतून मोकळं होण्याची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांच्या जागी इंजिनिअर स्नेहल सावे रुजू होत आहेत. हँडओव्हर पूर्ण झालेलं आहे. कृपया त्यांना सहकार्य करावं.

यमुनाला जाऊन सोळा दिवस झाले होते. तेरावं उरकून मी कामावर आलो होतो, कारण घरात बसवत नव्हतं. मी कसलीही इच्छा व्यक्त केली नव्हती.

तेवढ्यात कारखान्याचे मेंटेनन्सचे यादव साहेब गेटवर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत बुरा हुआ, चाचा," म्हणाले, आणि त्याच दमात, "नयी मॅडम सुबह से अंदर है, आप टेन्शन मत लो." गेले निघून. बावीस वर्षं मी त्या माणसाच्या प्लँटला जात होतो. यमुना गेल्याचं त्याला मेलवरून कळलं आणि मी गेल्याचंही.

आमचं काम काय, ते सांगतो. तारापूरच्या केमिकल कारखान्यांत रिअ‍ॅक्टर असतात, म्हणजे माल शिजवायची मोठी पातेली. पातेल्याच्या बाहेरून दुसरा पत्रा असतो, त्याला जॅकेट म्हणतात. मधल्या पोकळीत वाफ सोडतात. वाफेचं प्रेशर जास्त झालं तर जॅकेट फाटतं आणि जवळ उभा असलेला माणूस राहत नाही. म्हणून वर सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतात. घरी कुकरची शिट्टी जे करते तेच तो करतो. ठरलेल्या प्रेशरला उघडतो आणि वाफ बाहेर सोडून देतो. ते ठरलेलं प्रेशर म्हणजे सेट प्रेशर. वर्षातून एकदा प्लँट बंद ठेवतात, तेव्हा हे व्हॉल्व्ह उतरवायचे, खोलायचे, घासायचे, सेट करून परत बसवायचे. हे मी एकतीस वर्षं केलं. मॅनेजर बदलले, कारखान्यांची नावं बदलली, पण फोन मलाच यायचा. मुलबाळ आम्हाला नाही. आता बायकोही नाही. तो फोन तेवढा उरला होता, आणि तो त्या दिवशी जात होता.

मी रिक्षा करून बोईसरला ऑफिसात गेलो. जुने शेठ वारले, आता त्यांची सून रुचा मॅडम सगळं बघते. वाईट बाई नाही. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, तुम्हाला सीसीमध्ये ठेवलं होतं की," ती म्हणाली.

सीसी म्हणजे पत्र दुसऱ्याला लिहायचं आणि एक प्रत आपल्याला दाखवायची. आपल्याबद्दल काय ठरलं ते आपल्याला असं कळतं. माझ्या फोनमध्ये मेल येतात, हे खरं. ते संध्याकाळी यमुना वाचून सांगायची. ती दहावी शिकलेली होती. भाकऱ्या थापता थापता वाचायची आणि म्हणायची, ह्यात काय नाय, तुमी जेवा. त्या सोळा दिवसांत किती मेल आले, मला माहीत नाही.

मी मॅडमला विचारलं, "मी कदी बोललो, मला मोकळं करा?"

"काका, तुमची अवस्था बघून आम्हीच ठरवलं. क्लायंटला काहीतरी कारण द्यावं लागतं."

"म्हणून माझी बायको टाकलीत?"

 ती लॅपटॉप फिरवून क्लायंटची उत्तरं दाखवू लागली, जणू त्याने मला बरं वाटणार होतं. तिनेच वाचून दाखवली. नोटेड. वेलकम. नोटेड, थँक्स. एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. ते बायकोसाठी होतं की नव्या इंजिनिअरसाठी, तिलाही सांगता येईना.

मला जुन्या शेठनी कसं आणलं होतं, ते सांगतो. स्कूटरवर मागे बसवून एकेका प्लँटला नेलं. ऑपरेटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हा वामन. आजपासून शिव्या मला नाही, ह्याला द्यायच्या." लोक हसले. मग सहा महिने जुना फिटर माझ्याबरोबर फिरला. कुठला नट उलटा फिरतो, कुठल्या शिडीचा पाय मोडका आहे, सगळं दाखवलं. आमच्यात हँडओव्हर म्हणतात ते हे.

"हँडओव्हर झालं असं लिवलंय," मी म्हटलं. "कोणी केलं? मी तर त्या बाईचं तोंडही बघितलं नाय."

"तुमचं रजिस्टर दिलंय तिला. क्लायंटच्या व्हॉल्व्हची लिस्टही आहे."

इथे मी एक गोष्ट केली. ती चांगली नव्हती.

सकाळच्या त्या कारखान्यात तीन नंबरचा रिअ‍ॅक्टर आहे. लिस्टमध्ये त्याच्या जॅकेटच्या व्हॉल्व्हचं सेट प्रेशर सहा किलो लिहिलंय; वाफेचं प्रेशर आम्ही किलोत मोजतो. ते चुकीचं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, यादव साहेब यायच्याही आधी, जुनं जॅकेट सडलं आणि हलकं नवीन बसवलं. त्याला चारच्या वर झेपत नाही. तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, कागद नंतर बदलू, तू साडेतीनला लाव. मी लावला. कागद कोणी बदलला नाही. तो मॅनेजर गेला, ऑपरेटर गेले. मी दरवर्षी साडेतीनला लावायचो आणि रजिस्टरमध्ये लिस्टप्रमाणे सहा लिहायचो. हे फक्त मला ठाऊक होतं. ती बाई कागद बघून सहाला लावणार, हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं.

मी मॅडमला एवढंच म्हणालो, "यादव साहेबांच्या प्लँटला एक व्हॉल्व्ह कागदाप्रमाणं लावायचा नाय. कुठला, ते दुसरा मेल पाठवलात की सांगतो. वामननं सोडलं नाय, असं लिवा."

मॅडमचा चेहरा उतरला. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच बोललो. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो आणि दोन तास बसून राहिलो. प्लँट बंद आहे, आज वाफ सोडणार नाहीत, आज कोणी मरणार नाही, असं स्वतःला सांगत होतो. ते खरंही होतं. पण मी ते पुन्हा पुन्हा सांगत होतो, म्हणजे आत काहीतरी बोचत असणार.

मग माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. "काका, मी स्नेहल बोलते. केळव्याच्या साव्यांची." कोणाची ते आधी सांगितलं, म्हणजे इथलीच पोर. "तीन नंबरचा व्हॉल्व्ह न खोलता टेस्ट बेंचवर लावला. साडेतीनला उघडला. रजिस्टरमध्ये सहा आहे. मला पटेना, म्हणून जॅकेटच्या नेमप्लेटवरचा रंग खरवडला. त्यावर चार लिहिलंय."

खोलायच्या आधी टेस्ट करायची, असा नियम आहे. मी कधी केली नाही. मीच लावलेला व्हॉल्व्ह, मला काय टेस्ट करायची, असं म्हणायचो. ज्याच्या जोरावर मी मॅडमला दोन तास ताटकळत ठेवलं, ते तिने तेवढ्या वेळात तारेच्या ब्रशने खरवडून काढलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"होतं."

"मग लिहून का नाही ठेवलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. मॅनेजरने सांगितलं होतं, मला लिहायला जमत नाही, असं काहीही बोलता आलं असतं. पण आकडा लिहायला चौथी पुरते. सहा लिहिता येतो त्याला साडेतीनही लिहिता येतो. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मी कोणाला लागलो नसतो.

मी तिला म्हटलं, "वर्कशॉपला ये. असे आनखी हायेत."

ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली. तीन दिवस आम्ही बसलो. मी एकेक कारखाना सांगत गेलो, ती लिहीत गेली. मध्येच उलटतपासणी घ्यायची. मला राग यायचा, तरी सांगायचो. ती यमुनाबद्दल एकदाच बोलली, कशाने गेल्या, विचारलं. मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवून पुरतं ऐकलं. तेवढं त्या चाळीस-पन्नास मेलवाल्यांपैकी कोणी केलं नव्हतं.

दुसरा मेल गेला. त्यात तीन नंबरच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती होती आणि ती आमच्या नव्या इंजिनिअरने शोधली, असं होतं. माझ्याबद्दलची ओळ कोणी बदलली नाही. मीही परत मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

आता मी आठवड्याला दोन दिवस वर्कशॉपमध्ये बसून व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे झाकण जिथे घट्ट बसतं त्या कडा, घासतो. प्लँटमधून मला फोन येत नाही.

नवा माणूस नेमलात तर त्याला जुन्याबरोबर क्लायंटच्या दारात पाठवा. जुना रडत असेल तर आठ दिवस थांबा, मेल कुठे पळून जात नाही. आणि जुन्याने एवढं करावं. जे फक्त आपल्याला ठाऊक आहे ते आजच लिहून ठेवावं. त्यानंतर त्याला कोणी विचारणार नाही, हेही धरून चालावं.